समुपदेशकाकडे जाण्याआधी मानसशास्त्राचे प्रवाह ओळखून घ्या

एकाच त्रासासाठी चार तज्ज्ञांकडे गेलेल्या माणसाला चार वेगळे अनुभव येऊ शकतात. पहिला बालपणाबद्दल विचारतो, आई-वडिलांचं आपसात कसं होतं तेही विचारतो. दुसरी पहिल्याच भेटीत एक तक्ता हातात देते आणि आठवडाभर मनात येणारे विचार त्यात लिहून आणायला सांगते. तिसरी तासभर मन लावून ऐकते, पण अमुक करा असं काही सुचवत नाही. चौथे डॉक्टर झोप, भूक आणि वजन विचारतात, थायरॉइडची तपासणी सांगतात आणि गोळ्या लिहून देतात. माणूस घरी येतो आणि त्याला प्रश्न पडतो, यातला नेमका कोण बरोबर?

बहुतेक वेळा चौघेही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रत्येक जण वेगळ्या प्रवाहात शिकलेला असतो आणि त्या प्रवाहाने त्रासाचं मूळ कुठे शोधायचं हे ठरवून ठेवलेलं असतं. पाठ्यपुस्तकात हे प्रवाह इतिहास म्हणून येतात आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. पण उपचार घेणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना त्यांची खरी गरज असते. समोरचा माणूस काय करतो आहे आणि का करतो आहे हे कळलं नाही, तर दोन भेटींनंतर माणूस जाणं सोडतो आणि ‘समुपदेशनाने काही होत नाही’ हे कायमचं मनात धरून बसतो. म्हणून या प्रवाहांची तुलना मी उपचार घेणाऱ्याच्या बाजूने करणार आहे.

त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सव्वीस वर्षांचा एक मुलगा आहे, लातूरकडचा. पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला येऊन त्याला चार वर्षं झाली. दोनदा मुख्य परीक्षा थोडक्या गुणांनी हुकली. सकाळी सातला तो अभ्यासिकेत येतो, पुस्तक उघडतो आणि छाती धडधडायला लागते. एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचतो, डोक्यात काही शिरत नाही. मग उठून टपरीवर चहाला जातो. तिथे बरं वाटतं. परत यायला दीड तास लागतो. संध्याकाळी वडिलांचा फोन येतो, तो उचलत नाही. रात्री झोप लागत नाही. त्याला आपण वेगवेगळ्या प्रवाहांच्या तज्ज्ञांपुढे बसवून पाहू.

वर्तनवादी तज्ज्ञ त्याला आधी हे विचारेल: पुस्तक उघडण्याच्या आधी काय होतं आणि उठून गेल्यावर काय होतं? या प्रवाहाचा जाहीरनामा अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी 1913 मध्ये मांडला. मनात काय चाललं आहे याच्या अटकळी बांधण्यापेक्षा जे दिसतं आणि मोजता येतं त्याचा अभ्यास करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं की एखाद्या कृतीनंतर जे घडतं त्यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरतं. आपल्या मुलाच्या बाबतीत हे स्वच्छ दिसतं. उठून टपरीवर गेलं की धडधड थांबते. धडधड थांबणं हेच उठून जाण्याचं बक्षीस ठरतं. दर वेळी हे बक्षीस मिळतं, म्हणून दर दिवशी पळणं थोडं पक्कं होतं आणि पुस्तक थोडं अधिक भीतिदायक होतं. टाळल्याने भीती वाढते ही गोष्ट या प्रवाहाने जितक्या ठोसपणे दाखवली तितकी दुसऱ्या कुणी दाखवली नाही.

उपायही तसाच सरळ असतो. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या लहान मुलाचं उदाहरण प्रसिद्ध केलं. त्याला सशाची भीती वाटायची. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा, असं करत शेवटी पीटर सशाला हात लावायला लागला. जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये याच धर्तीची पायरी-पायरीने भीती घालवण्याची पद्धत मांडली. आमच्या मुलाला वर्तनवादी तज्ज्ञ सांगेल: उद्या फक्त दहा मिनिटं पुस्तकासमोर बस, धडधड झाली तरी उठू नकोस, ती आपोआप उतरते का पाहा. परवा पंधरा मिनिटं.

लिफ्टची, पाण्याची, कुत्र्याची, रक्ताची अशी ठरावीक गोष्टीची भीती असेल तर सुरुवात याच वाटेने करावी, असं मी स्पष्ट म्हणेन. तोच नियम मंत्रचळाला लागू आहे. पुन्हापुन्हा हात धुणं, कुलूप दहा वेळा ओढून पाहणं या त्रासात नुसतं बोलून मोकळं होण्याचा उपयोग फारसा होत नाही. 1966 मध्ये व्हिक्टर मेयर यांनी दाखवलेली पद्धत, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि हात धुण्याची कृती मात्र करू द्यायची नाही, आजही या आजाराच्या उपचाराचा कणा आहे. तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल आणि समुपदेशक महिनोन्‌महिने फक्त बालपणाविषयी बोलत असेल, तर ‘सामोरं जाण्याचा उपचार तुम्ही करता का?’ असं थेट विचारा.

आता बोधनिक प्रवाह. इथे प्रश्न बदलतो: पुस्तक उघडल्यावर तू स्वतःशी काय बोलतोस? या प्रवाहाचे दोन मोठे शिल्पकार, अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक, दोघेही मनोविश्लेषण शिकलेले होते. खिन्न माणसाच्या मनात आतल्या आत दाबलेला राग असतो, हा मनोविश्लेषणाचा सिद्धांत पडताळण्यासाठी बेक यांनी फिलाडेल्फियात रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. त्यांना राग सापडला नाही. पराभव, नाकारलं जाणं, काहीतरी हरवणं हेच पुन्हापुन्हा सापडलं. जागेपणीचे विचारही तसेच निघाले. त्यातून 1960 च्या दशकात त्यांची उपचारपद्धती उभी राहिली आणि 1979 मध्ये खिन्नतेच्या उपचारावरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. आपला सिद्धांत तपासायला घ्यायचा आणि तो टिकला नाही तर सोडून द्यायचा, हा बेक यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

एलिस यांनी 1955 च्या सुमारास हीच दिशा वेगळ्या धाटणीने धरली. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, घटनेकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन दुःखी करतो, हे त्यांचं मूळ सूत्र. प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक विचारवंतांचं, विशेषतः एपिक्टेटसचं ऋण त्यांनी मोकळेपणाने मानलं. मराठी वाचकाला हा प्रवाह तसा परका नाही. किशोर फडके, म्हणजे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मुंबईत शिकवली. ठाण्यात 1990 मध्ये सुरू झालेल्या ‘आयपीएच’ या संस्थेमार्फत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘विवेकनिष्ठ’ विचारपद्धती व्याख्यानांतून, पुस्तकांतून आणि कार्यशाळांतून सामान्य माणसापर्यंत नेली. त्यामुळे महाराष्ट्रात कितीतरी समुपदेशकांच्या बोलण्यात ‘हट्टाग्रह’, ‘पाहिजेच’, ‘असह्य’ असे शब्द ऐकू येतात, ते याच परंपरेतून.

आमच्या मुलाचं स्वतःशी बोलणं लिहून काढलं तर ते साधारण असं निघेल: ‘या वेळी झालंच पाहिजे. नाही झालं तर मी कुठल्याच लायकीचा नाही. गावात तोंड दाखवता येणार नाही.’ इथे समुपदेशक त्याला तीन गोष्टी सुट्या करून दाखवेल. पास व्हावं ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. पास झालंच पाहिजे ही सक्ती आहे, आणि जागा मोजक्या असताना अशी सक्ती जगावर करता येत नाही. नापास झालो म्हणजे माणूस म्हणून मी टाकाऊ, हा निष्कर्ष कुठल्याच पुराव्यावर उभा नाही.

या पद्धतीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, तो दूर करायला हवा. ‘सकारात्मक विचार करा’ असं ही पद्धत सांगत नाही. ‘मी नक्की पास होणार’ हे वाक्यही तिच्या दृष्टीने तितकंच बिनपुराव्याचं आहे. ती सांगते विचार तपासायला. जो समुपदेशक ‘पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल’ एवढंच म्हणतो, तो बेक किंवा एलिस यांची पद्धत वापरत नाही, त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरं, ही पद्धत नुसत्या गप्पांची नाही. एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचं असं ठरवलं. त्यांनी सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे 130 जणींच्या बाकावर ते जाऊन बसले, 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी ते बोलले. एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही हे त्यांना अंगाने कळलं आणि भीती गेली. विचार बदलणं आणि कृती बदलणं या दोन गोष्टी इथे एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की पुढे वर्तनवाद आणि बोधनिक प्रवाह एकत्र येऊन सीबीटी, म्हणजे बोधनिक वर्तनोपचार तयार झाला, यात नवल नाही. साधारण 12 ते 20 भेटी, दर भेटीत ठरलेला विषय आणि घरी करायचा अभ्यास, असं त्याचं स्वरूप असतं. तो अभ्यास न करता नुसतं जाऊन बसलात तर अर्धा उपचारच होत नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

यात विचारांचा वाटा किती आणि कृतीचा किती? हा प्रश्न अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तपासला. खिन्न रुग्णांच्या एका गटाला पूर्ण बोधनिक उपचार दिले, एकाला त्यातला फक्त कृतीचा भाग, म्हणजे दिवस पुन्हा कामांनी आणि माणसांनी भरायचा भाग. फक्त कृतीचा भागही तितकाच उपयोगी ठरला. या निष्कर्षाचं पुढचं मोठं पान आपल्या शेजारी, गोव्यात लिहिलं गेलं. ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र खिन्नता असलेल्या 495 प्रौढांवर अभ्यास केला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण घेतलेले साधे स्थानिक समुपदेशक सहा ते आठ भेटी घेत, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. रुग्णाने सोडून दिलेली छोटी कामं पुन्हा कशी सुरू करायची, कुणाला भेटायचं, अडचण आली तर कशी सोडवायची, यावर भर. तीन महिन्यांनी या गटातल्या 64 टक्के लोकांची खिन्नता ओसरली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हा आकडा 39 टक्के होता. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. मोठ्या शहरातला महागडा तज्ज्ञ परवडत नाही म्हणून हताश होणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं. कृतीचा हा भाग इतका साधा आहे की आरोग्य केंद्रातली प्रशिक्षित व्यक्तीही तो नीट देऊ शकते.

मनोविश्लेषणाच्या परंपरेतला तज्ज्ञ मात्र वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवेल. दोन्ही वेळा तू थोडक्या गुणांनीच का हुकलास? यश जवळ आलं की तुझ्या हातून काय सुटतं? वडिलांचा फोन का उचलत नाहीस? या प्रवाहाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचं म्हणणं असं की आपल्या वागण्याची कितीतरी कारणं आपल्यालाच ठाऊक नसतात. ती अबोध मनात असतात आणि बहुधा लहानपणाच्या नात्यांत रुजलेली असतात. हा विचार भारतात लवकर आला. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्यांचा फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार होता आणि भारतीय रुग्णांच्या अनुभवावरून काही मुद्द्यांवर त्यांनी फ्रॉइड यांच्याशी मतभेदही नोंदवले.

फ्रॉइड यांच्या अनेक तपशिलांना आज पुरावा नाही, हे मान्य करावंच लागतं. पण या प्रवाहाची एक देणगी मला अजूनही अनमोल वाटते. माणूस जुन्या नात्यातली अपेक्षा आणि भीती नव्या नात्यात घेऊन येतो, अगदी उपचार करणाऱ्याशीही. आमचा मुलगा तिसऱ्या भेटीला उशिरा येईल, घरचा अभ्यास केला नाही म्हणून खाली मान घालून बसेल, समुपदेशक रागावणार असं गृहीत धरेल. वडिलांसमोर तो जसा उभा राहतो, तसाच तो इथेही उभा आहे. हे त्याच क्षणी दाखवून देता आलं तर त्याला स्वतःविषयी जे कळतं ते कुठल्या तक्त्यातून कळत नाही. दर नोकरीत वरिष्ठांशी तेच भांडण, दर नात्यात तोच शेवट असं ज्यांच्या आयुष्यात पुन्हापुन्हा घडतं, त्यांनी या वाटेचा विचार जरूर करावा. वेळ मात्र लागतो, कित्येकदा वर्ष किंवा त्याहून जास्त, आणि खर्चही त्या मानाने होतो. परीक्षा दोन महिन्यांवर असताना ही वाट धरणं शहाणपणाचं नाही.

मानवतावादी प्रवाहाचे कार्ल रॉजर्स यांनी या सगळ्यांपेक्षा वेगळी भूमिका घेतली. निदान, तंत्र, विश्लेषण सगळं बाजूला ठेवा. माणसाला त्याच्या बाजूने समजून घ्या, त्याचा बिनशर्त स्वीकार करा आणि स्वतः खरे वागा. एवढं झालं तर माणूस आपली दिशा आपण शोधतो, असं त्यांनी 1957 मध्ये ठामपणे लिहिलं. आमच्या मुलाला अशा समुपदेशकासमोर कदाचित पहिल्यांदाच विचारता येईल: मला खरंच अधिकारी व्हायचं आहे का? घरातल्या कुणीही त्याला हा प्रश्न आजवर विचारू दिलेला नाही. शोक झालेल्या, घटस्फोटातून जाणाऱ्या, आयुष्याच्या वळणावर अडकलेल्या माणसाला अनेकदा याचीच गरज असते. तिथे कुणी तक्ता पुढे केला तर तो दुखावतो.

हे फरक शब्दांत वाचण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एक जुनी फिल्म आहे. एव्हरेट शॉस्ट्रॉम यांनी 1964 मध्ये ग्लोरिया नावाच्या घटस्फोटित तरुण आईच्या तीन तज्ज्ञांशी झालेल्या भेटी चित्रित केल्या आणि पुढच्या वर्षी त्या बाहेर आल्या. रॉजर्स, गेस्टाल्ट उपचारपद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस. तिघांसमोर बाई तीच, पण तिघांच्या खोल्यांत तीन वेगळ्या बायका बसल्या आहेत असं वाटावं. रॉजर्स यांना ती आपल्या लहान मुलीशी खरं बोलावं की नाही, याचं थेट उत्तर मागत राहते. ते उत्तर देत नाहीत, पण तिची घालमेल इतक्या नेमकेपणाने मांडतात की ती हळूहळू स्वतःच्या मनाशी येऊन पोचते आणि वडिलांकडून जे मिळालं नाही त्याविषयी बोलू लागते. पर्ल्स तिला छेडतात. मी घाबरले आहे असं म्हणताना तू हसतेस का, असं विचारतात. ती चिडते आणि तो राग बाहेर येऊ देणं हेच त्यांना हवं असतं. एलिस भराभर बोलतात, पुरुषांसमोर ती का गोठते हे समजावतात आणि धीर करून कुणाशी तरी बोल असा घरचा अभ्यास देतात.

चित्रीकरणानंतर लगेच तिला विचारलं तेव्हा, आत्ता सगळ्यात उपयोग पर्ल्स यांचा होईल, असं ती म्हणाली. पण पुढे वर्षानुवर्षं, तिच्या मृत्यूपर्यंत, तिचा संपर्क राहिला तो रॉजर्स यांच्याशी. उपचार घेणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. पहिल्या भेटीतून जोरात हलून बाहेर पडलो म्हणजे तोच आपला तज्ज्ञ, असं लगेच ठरवू नका. आणि पहिली भेट शांत गेली म्हणजे ती वाया गेली, असंही समजू नका.

जैविक प्रवाहाचा मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी झालेला डॉक्टर, झोपेपासून सुरुवात करतो. आमच्या मुलाची झोप किती दिवस उडाली आहे, भूक गेली आहे का, घरात कुणाला असा आजार होता का, थायरॉइड, रक्ताचं प्रमाण कसं आहे. हे प्रश्न कोरडे वाटले तरी टाळू नयेत, कारण थायरॉइडचा विकार हुबेहूब खिन्नतेसारखा किंवा घबराटीसारखा दिसू शकतो. औषधांचा आधुनिक इतिहास 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी केलेल्या लिथियमच्या वापरापासून आणि 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझीन वापरात आलं तिथपासून सांगतात. पण त्याही आधी, 1931 मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो, हे भारतात नोंदवलं होतं.

छिन्नमनस्कता, बायपोलर, म्हणजे उन्माद आणि खिन्नतेचे झटके, किंवा भास आणि संशय असलेला कुठलाही आजार असेल तर औषध हा उपचाराचा पाया असतो. त्याला पर्याय म्हणून बोलण्याचा उपचार कुणी देऊ केला तर तिथून उठा. खिन्नतेवरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करणं आणि बरं वाटलं म्हणून बंद करणं, दोन्ही चुकीचं. थांबवायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

आणि या सगळ्यांत एक बाजू सुटते ती म्हणजे त्या मुलाची परिस्थिती. लाखभर मुलं मोजक्या पदांसाठी बसतात, परीक्षा पुढे जातात, निकाल लांबतात, कॉटचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. त्याची सगळी धडधड त्याच्या चुकीच्या विचारांत शोधणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जॉर्ज एंगल यांनी 1977 मध्ये शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाजू एकत्र पाहायला हव्यात असं मांडलं, ते यासाठीच. कुटुंबाला बाजूला ठेवून आपल्याकडे उपचार फार पुढे जात नाहीत, हे 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी कृतीने दाखवलं. रुग्णांच्या घरच्यांना त्यांनी आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं आणि उपचारात सामील करून घेतलं. लातूरहून या मुलाचे वडील एकदा येऊन समुपदेशकासमोर बसले, ‘नाही झालं तरी घर तुझंच आहे’ एवढं म्हणाले, तर दहा तक्त्यांचं काम होऊ शकतं.

मग निवड कशी करायची? पहिल्यांदा हे पाहा की त्रास तातडीचा आहे का. जीव देण्याचे विचार, भास, अनेक दिवस झोप न येणं, खाणं-पिणं बंद होणं यांपैकी काहीही असेल तर प्रवाहांचा विचार बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं.

तातडीचं नसेल तर पहिल्या भेटीत, किंवा त्याआधी फोनवरच, समुपदेशकाला काही प्रश्न नम्रपणे विचारा. तुमचं शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? माझ्यासारख्या त्रासात तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? साधारण किती भेटी लागतील आणि फरक पडतो आहे हे आपल्याला कशावरून कळेल? गोळ्यांची गरज वाटली तर कुणाकडे पाठवाल? चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. तो बहुधा म्हणेल की मी मुख्यतः अमुक पद्धतीने काम करतो, पण गरज पडली तर दुसरं वापरतो. असं मिश्र काम करणारे आज बरेच आहेत आणि त्यात वाईट काही नाही, फक्त का मिसळतो आहोत हे त्याला सांगता आलं पाहिजे. ‘सगळ्या पद्धती वापरतो, काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं तर जरा सावध व्हा. तीन भेटींत हमखास बरं करण्याची हमी देणारा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणारा, किंवा तुमच्या गोष्टी दुसऱ्या रुग्णाला सांगणारा असेल तर पुन्हा जाऊ नका. तुमची माहिती गुप्त राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र तज्ज्ञाला घरच्यांना सांगावं लागतं. तो हे पहिल्याच भेटीत सांगत असेल तर ते चांगलं लक्षण माना.

पद्धतींमधला फरक मी इतका वेळ सांगितला, पण एक गोष्ट तितकीच खरी आहे. 1936 मध्येच सॉल रोझेन्झ्वाइग यांनी लिहिलं होतं की वेगवेगळ्या उपचारपद्धतींमध्ये काहीतरी समान असावं, त्यामुळेच त्या सगळ्या कमी-अधिक चालतात. त्यानंतरच्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं की उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातला विश्वास हा परिणामाचा मोठा भाग असतो. एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येय काय यावर एकमत, ते गाठायला काय करायचं यावर एकमत आणि आपसातला जिव्हाळा. त्यामुळे प्रवाह योग्य निवडला पण माणसाशी सूर जुळत नसेल, तर बरं व्हायची वाट लांबते. याचा अर्थ कुठलीही पद्धत कुठल्याही आजाराला चालते असा नव्हे. मंत्रचळात आणि बायपोलरमध्ये पद्धतीचा फरक फार मोठा असतो. रोजच्या जगण्यातल्या घालमेलीत नात्याचा वाटा वाढतो.

चार-पाच भेटी झाल्यावर स्वतःला तीन गोष्टी विचारा. आपण कशासाठी जातो आहोत हे दोघांनाही नेमकं माहीत आहे का? ज्या गोष्टी करायला सांगितल्या जातात त्या आपल्याला पटतात का? आणि त्या खोलीत आपण खरं बोलू शकतो का? उत्तर ‘नाही’ आलं तर न सांगता जाणं बंद करू नका. बहुतेक लोक नेमकं तेच करतात. पुढच्या भेटीला जा आणि सांगा: ‘मला बालपणाविषयी बोलून सध्या उपयोग होत नाहीये, परीक्षेच्या भीतीवर काही करता येईल का?’ किंवा ‘मला घरचा अभ्यास जमत नाहीये, आत्ता कुणी ऐकून घेतलं तर बरं वाटेल.’ चांगला समुपदेशक आपली दिशा बदलेल किंवा त्या पद्धतीत निष्णात असलेल्या सहकाऱ्याकडे पाठवेल. पाठवताना तो आतापर्यंतच्या भेटींचा थोडक्यात गोषवाराही तुमच्या संमतीने लिहून देऊ शकतो. तो मागून घ्या, म्हणजे नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.